पानात पिकणारे प्लास्टिक : जमा आणि खर्च

बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाचा हिशेब लिहिण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. त्या दिवशी आमच्या विहारात खीरदान होते. यंदाच्या बैठकीत एक नवीच बाब निघाली. पेले आणायला गेलेल्या कार्यकर्त्याने सांगितले की, दुकानदार 'मातीत विरघळणाऱ्या' प्लास्टिकचे पेले दाखवतो, पण भाव जवळजवळ दुप्पट सांगतो. घ्यायचे की नाही, यावर चर्चा सुरू झाली. बी.एस्सी.ला असलेली वस्तीतील एक मुलगी म्हणाली, "काका, आता तर झाडाच्या पानातच प्लास्टिक तयार करता येतं. जीवाणूचं जनुक झाडात घालतात. आम्हाला अभ्यासाला आहे."

विहाराच्या दाराशी एक मावशी बसल्या होत्या. आयुष्याची वीस वर्षे त्यांनी कचरा वेचून संसार केला. त्यांनी विचारले, "अन् पोरी, पानात पलाष्टिक धरलं तर झाडाच्या वाट्याला काय उरतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्यानंतर दोन-तीन रविवार ग्रंथालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि माझ्या लक्षात आले की, मावशींचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जगातले नामवंत शास्त्रज्ञ तीस वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नाशी झगडत आहेत. मी कॉमर्स शिकलेला माणूस, विज्ञानाचा पंडित नव्हे. मात्र जमेच्या बाजूला आकडा दिसला की खर्चाची बाजू कुठे आहे, हे पाहण्याची सवय मला नोकरीने लावली आहे. त्याच सवयीने हा विषय वाचकांपुढे मांडत आहे.

जीवाणूची शिदोरी

आपण वापरतो ते बहुतेक प्लास्टिक खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून होते. त्याचे रेणू मोडण्याची ताकद मातीतल्या सूक्ष्मजीवांत जवळजवळ नसते. म्हणून पिशवी फाटते, तिचे बारीक तुकडे होतात, पण ती संपत नाही.

मात्र निसर्गात स्वतः प्लास्टिक तयार करणारे जीवही आहेत. फ्रान्समधील मॉरिस लेमॉइन या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एका जीवाणूच्या पेशीत एक पदार्थ शोधला. त्याचे लांबलचक नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. आपण त्याला पी.एच.बी. म्हणू. माणूस जसा अंगावर चरबी साठवतो, तसा हा जीवाणू अन्न भरपूर असून नत्रासारखा एखादा घटक कमी पडला, की उरलेला कार्बन पी.एच.बी.च्या कणांच्या रूपाने साठवतो. ती त्याची अडीअडचणीची शिदोरी असते. हा पदार्थ वितळवून साच्यात ओतता येतो आणि पुष्कळसा पॉलिप्रोपिलीनसारखा वागतो. मातीतले इतर सूक्ष्मजीव तो खाऊन टाकतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

ब्रिटनच्या आय.सी.आय. कंपनीने असे जीवाणू टाक्यांत वाढवून 'बायोपॉल' नावाचे प्लास्टिक बाजारात आणले. १९९० साली जर्मनीत वेला कंपनीचा शाम्पू त्याच्या बाटल्यांतून विकला गेला. परंतु जीवाणूंना साखर खाऊ घालायची, टाक्या तापवायच्या-ढवळायच्या, मग पेशी फोडून माल काढायचा, या सगळ्यामुळे ते प्लास्टिक फार महाग पडले.

तेव्हा प्रश्न पुढे आला : जीवाणूला साखर पुरवायची तरी कशाला? साखर मुळात झाडच ऊन, पाणी आणि हवा यांतून करते. मग प्लास्टिकही झाडानेच का करू नये?

खुरटलेले रोप

जीवाणूच्या पेशीत पी.एच.बी. तीन पायऱ्यांनी तयार होते. प्रत्येक पायरीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते आणि प्रत्येक विकराची कृती एका जनुकात लिहिलेली असते. सुरुवातीचा कच्चा माल असतो ॲसिटिल को-ए हा पदार्थ. तो वनस्पतींच्या पेशीतही असतो. पहिल्या पायरीचे विकरही वनस्पतीत आधीपासून असते. म्हणजे फक्त दोन जनुके बाहेरून आणली की काम व्हावे, असा हिशेब होता.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात इव्ह प्वारिए, ख्रिस सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. त्यांनी निवडले ॲराबिडॉप्सिस नावाचे रोप. हे मोहरीच्या कुळातले, वीतभर वाढणारे, दीड-दोन महिन्यांत बी धरणारे तण आहे. शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, पण प्रयोगशाळेत ते फार सोयीचे. जीवाणूची दोन जनुके या रोपात घातली गेली आणि १९९२ साली 'सायन्स' या साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पानांच्या पेशींत पी.एच.बी.चे कण दिसले होते! वनस्पतीने प्लास्टिक तयार केल्याची ही पहिली नोंद.

पण दुसरी नोंदही त्याच निबंधात होती. प्लास्टिक अत्यल्प होते आणि रोपे खुरटली होती. असे का झाले? ॲसिटिल को-ए हा झाडाच्या घरातला सामाईक पैसा आहे. त्यातूनच झाडाची अनेक आवश्यक द्रव्ये तयार होतात. त्या पैशातला वाटा प्लास्टिककडे वळला की घरखर्चात तूट पडणार, असे कारण शास्त्रज्ञांनी पुढे केले. मावशींनी विचारले होते तेच!

जागा बदलली

शास्त्रज्ञ थांबले नाहीत. त्यांनी विचार केला की, घरातल्या ज्या खोलीत पैशाची तंगी आहे तिथे हात घालण्याऐवजी, जिथे रोज मोठी उलाढाल होते तिथे जावे. पेशीतली अशी जागा म्हणजे हरितकण. तिथे सूर्यप्रकाशावर अन्न तयार होते आणि मेदाम्ले तयार करण्यासाठी ॲसिटिल को-एचा मोठा प्रवाह वाहत असतो. तिथे पहिल्या पायरीचे विकरही न्यावे लागणार होते. म्हणून तिन्ही जनुके घेतली आणि प्रत्येक विकराला हरितकणात पोहोचवणारा एक तुकडा जोडला. पाकिटावर पत्ता लिहावा तसा हा तुकडा विकराला योग्य जागी नेतो. १९९४ साली ख्रिस्तियान नावरात, प्वारिए आणि सॉमरव्हिल यांनी निष्कर्ष जाहीर केला : सुक्या पानाच्या वजनाच्या १४ टक्क्यांपर्यंत पी.एच.बी., म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या सुमारे शंभरपट, आणि रोपांची वाढही बऱ्यापैकी!

ही खरोखर मोठी झेप होती आणि तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. पण पुढे २००० साली जर्मनीत हेच प्रमाण सुक्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेले गेले, तेव्हा रोपे पुन्हा खुरटली आणि बी धरण्याची त्यांची शक्तीही घटली. जागा बदलून झाडाची तूट कमी करता येते, पण पूर्ण पुसता येत नाही.

त्यात पी.एच.बी. हा पदार्थ ठिसूळ. त्याची पिशवी होत नाही. लवचीकपणासाठी त्यात आणखी एक घटक मिसळावा लागतो. मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली जादा जनुके घालून तेही ॲराबिडॉप्सिस आणि मोहरीवर्गीय पिकात साधले, पण त्याचे प्रमाण फार कमी राहिले.

आपल्या ओळखीची पिके

प्रयोग आपल्या ओळखीच्या पिकांवरही झाले. १९९६ साली अमेरिकेतील ॲग्रासिटस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कापसाच्या धाग्यातच पी.एच.बी. तयार केले. हेतू प्लास्टिक काढण्याचा नव्हता, तर धाग्याची ऊब वाढवण्याचा होता. प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, पण धाग्याचे उष्णतेशी वागणे बदललेले आढळले. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना यातला अर्थ सांगायला नको.

ऊसही सुटला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उसात ही जनुके घातली गेली. कल्पना चांगली होती : कांड्यातून साखर घ्यायची आणि पाचटातून प्लास्टिक. आपल्याकडे कितीतरी पाचट शेतात पेटवून दिले जाते. पण २००७ सालच्या निष्कर्षात पानांतले प्रमाण सुक्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आतच राहिले.

ब्राझीलने दुसरी वाट धरली. झाडाला न छेडता उसाची साखर जीवाणूंना खाऊ घालून पी.एच.बी. काढणारा छोटा कारखाना १९९५ साली साओ पाउलो राज्यात उभा राहिला. आपल्या पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली जैव-प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तो पी.एल.ए. या वेगळ्या प्लास्टिकचा. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचे आणि त्यापासून प्लास्टिक. यात पिकाच्या जनुकांना हात लावावा लागत नाही. परंतु एक भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पी.एच.बी. साध्या मातीतही कुजते, पी.एल.ए.ला साधारण ६० अंश उष्णतेचा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. ते गटारात फेकले तर वर्षानुवर्षे तसेच पडून राहील.

खर्चाची बाजू

आता माझ्या खात्याचा विषय. पानात प्लास्टिक तयार झाले, पण ते पानातून काढायचे कसे? पाला कापायचा, वाळवायचा, रसायनात भिजवायचा, प्लास्टिक वेगळे करायचे आणि ते रसायन पुन्हा उकळून परत मिळवायचे. या सगळ्याला इंधन लागते. टिलमन गर्नग्रॉस आणि स्टीव्हन स्लेटर या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हा हिशेब मांडला. यांपैकी स्लेटर हे स्वतः मोन्सॅन्टोच्या या प्रकल्पात काम केलेले. एक किलो साधे पॉलिथिन करायला २९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. मक्याच्या झाडात पिकवलेले एक किलो प्लास्टिक काढायला त्याहून ३०० टक्के जास्त, म्हणजे चौपट ऊर्जा लागेल, असे त्यांना आढळले. ही ऊर्जा कोळसा जाळून मिळवली, तर खनिज तेल वाचवण्यासाठी आपण कोळसा जाळणार! प्लास्टिक काढून उरलेला चोथाच इंधन म्हणून वापरला तर हिशेब सुधारतो, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले.

दुसरा खर्च जमिनीचा. एक ढोबळ गणित करून पाहू. समजा, एका हेक्टरात १० टन सुका पाला निघाला आणि त्यात ४ टक्के प्लास्टिक भरले. म्हणजे हेक्टरी ४०० किलो. जगात वर्षाला सुमारे ४० कोटी टन प्लास्टिक तयार होते. तेवढे सगळे पानांतून काढायचे म्हटले तर १०० कोटी हेक्टर जमीन लागेल. भारताची निव्वळ पेरणीखालची जमीन सुमारे १४ कोटी हेक्टर आहे, म्हणजे सातपट. प्रमाण १४ टक्क्यांवर नेले तरी दुप्पट. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, जे धान्य विकत घेऊनच खातात, त्यांनी हे गणित विसरू नये. धान्याच्या जमिनीवर प्लास्टिक पिकू लागले तर पहिला चटका भूमिहीनांच्या चुलीला बसेल. आपल्या समाजात असे भूमिहीन किती आहेत, हे सांगायची गरज नाही.

म्हणूनच हा धंदा हातोहात फिरला. बायोपॉल आय.सी.आय.कडून झेनेकाकडे, १९९६ साली मोन्सॅन्टोकडे आणि २००१ साली मेटाबोलिक्स या अमेरिकन कंपनीकडे गेले. मेटाबोलिक्सनेही २०१६ साली या प्लास्टिकचा धंदा दक्षिण कोरियाच्या सीजे कंपनीला विकला. आज या जातीचे जे प्लास्टिक बाजारात येते ते जीवाणूंच्या टाक्यांतून येते, झाडाच्या पानांतून नव्हे. बाजारातला कोणताही पेला 'झाडात पिकवलेला' म्हणून कुणी दाखवला तर विश्वास ठेवू नये.

मालकी कुणाची?

मग हे संशोधन वाया गेले का? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी म्हणून आपण विज्ञानाला घाबरत नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रयुगाची बाजू घेतली आहे. दोष यंत्राचा नसून, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. यंत्राच्या जागी जनुक हा शब्द ठेवला तरी ती तितकीच लागू पडते.

वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे मराठी वाचकांच्या घराघरात पोहोचलेले डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवा. गुलामीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने टस्कीगी येथे भुईमूग आणि रताळ्यापासून कितीतरी उपयोगी पदार्थ करून दाखवले, पण आयुष्यात पेटंट घेतली ती फक्त तीन. कापसाने निकस झालेल्या जमिनीवर राबणाऱ्या गरीब काळ्या शेतकऱ्याला हे ज्ञान मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. पिकातून कारखान्याचा माल काढावा, हे स्वप्न त्यांनीही पाहिले होते. फरक एवढाच की, त्यांच्या स्वप्नाच्या मध्यभागी शेतकरी उभा होता.

भारतात परवानगी मिळून व्यापारी लागवडीपर्यंत पोहोचलेले जनुक-बदललेले पीक एकच, २००२ साली आलेला बी.टी. कापूस. त्याचे संकरित बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते. २००१च्या पीक-वाण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण संकरित बियाणे राखून पेरण्याजोगे राहतच नाही. उद्या प्लास्टिकचे पीक आले, तर बियाणे कुणाचे, जनुकाचे पेटंट कुणाचे आणि पाला विकत घेणारा कारखाना कुणाचा, हे तीन प्रश्न आपण आधी विचारले पाहिजेत.

वेचणारे हात

आणखी एक नोंद, जी मला कोणत्याही वैज्ञानिक निबंधात सापडली नाही. प्लास्टिक कचऱ्यातून उचलतो कोण? पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांच्याच लढ्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती घरोघरचा कचरा गोळा करते. जातीने ज्यांच्या हाती घाण दिली, त्यांनी संघटित होऊन त्या कामाचा मोबदला आणि ओळखपत्र मिळवले, ही मोठी गोष्ट आहे.

मी आमच्या मावशींना त्या नव्या पेल्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, बाटलीला भाव येतो. याला भंगारवाला हात लावत नाही. अन् बाटल्यांत मिसळलं तर सगळं पोतं नापास करतो." कुजणारे आणि न कुजणारे प्लास्टिक डोळ्यांना सारखेच दिसते. एकत्र आले तर दोघांची माती होते : कुजणारे कंपोस्टपर्यंत पोहोचत नाही आणि पुनर्वापराचा माल बिघडतो. म्हणजे 'हिरव्या' पेल्याचे पुण्य वापरणाऱ्याला आणि तोटा वेचणारीला! प्लास्टिकचा कोणताही नवा प्रकार आणताना या स्त्रियांना विचारले पाहिजे. कचऱ्याचे शास्त्र त्यांच्या हातात आहे.

आनंदांचे उत्तर

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की, हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचे करणार काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. पुढे जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग झाडपुसीची फडकी. आणि फडकी फाटली की त्यांच्या चिंध्या मातीत मळून जमीन लिंपू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वस्तूचा शेवट कुठे होणार, हे ती हाती घेतानाच ठरवणे, ही शिकवण आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वी मिळाली आहे. शास्त्रज्ञ तेच रसायनाच्या भाषेत शोधत आहेत. त्यांना यश मिळो. तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आहे. कंपोस्ट होणारी म्हणून विकली जाणारी वस्तू घ्यायचीच असेल, तर तिच्यावर 'कंपोस्टेबल' हा शब्द, आय.एस.ओ. १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख पाहूनच घ्यावी, आणि वापरानंतर ती ओल्या कचऱ्यात वेगळी द्यावी.

आमच्या समितीने काय केले? दुप्पट भावाचे पेले घेतले नाहीत. वर्गणी काढून तीनशे स्टीलच्या वाट्या घेतल्या. त्या धुण्याचे काम बायकांच्या गळ्यात पडणार, हे ओळखून मावशींनी अट घातली की, वाट्या तरुण पोरांनी धुवायच्या. ठराव एकमताने मंजूर झाला आणि पौर्णिमेच्या रात्री पोरांनी तो पाळलाही. त्या बी.एस्सी.च्या मुलीला मी सांगितले आहे, "तू शिकत राहा. पानातल्या प्लास्टिकवर संशोधन कर, पण निबंध लिहिशील तेव्हा मावशींचा प्रश्न त्यात घालायला विसरू नकोस."

जयभीम!